बंदुकीवर ज्याचे नाव नाही

आपल्याकडे लग्नामुंजीत भांडी देण्याची चाल आहे, आणि दिलेल्या भांड्यावर नाव घालून घेण्याचीही. मांडणीवरचा कुठलाही जुना तांब्या उचलून पाहावा. कुणी दिला, कुणाला दिला, कशाप्रीत्यर्थ आणि कोणत्या साली, हे सगळे त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत मिळते. ज्या तांबटाने तो ठोकून घडवला त्याचे नाव तेवढे मिळत नाही. ते असायला हवे होते असे कुणाला वाटतही नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी. कागदावरचा इतिहास वाचण्याची सवय वर्गात लागते. वस्तूवरचा इतिहास वाचण्याची गोडी मला एन. सी. सी.ने लावली. ज्यांनी जुनी पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल हाताळली आहे त्यांना ठाऊक असेल, की बोल्टच्या मुठीखाली, जिथे बट सुरू होतो तिथल्या लोखंडावर, मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल कोरलेले असते. एखादीवर एन्फील्ड असते, एखादीवर आपल्या बंगालमधले इशापूर असते. त्याखाली एल आणि ई अशी दोन अक्षरे दिसतात. त्यांपैकी ई म्हणजे एन्फील्ड हा कारखाना, आणि एल म्हणजे जेम्स पॅरिस ली हा माणूस, ज्याच्या कल्पनेतून त्या रायफलीची बोल्टची रचना आली. इंग्रजांनी निदान एक अक्षर तरी कर्त्यासाठी राखून ठेवले.

मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे त्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्याने रचलेली रायफल साऱ्या जगात मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख तयार झाली असा अंदाज सांगतात. रशियन, फ्रेंच, अमेरिकन, फिनिश, पोलिश, हंगेरियन, चिनी अशा अनेकांनी तिच्यावर आपापल्या खुणा मारल्या. त्या खुणा वाचता आल्या की बंदुकीचा जन्म कुठे झाला, ती कुणाच्या ताब्यात गेली, कुणी दुरुस्त केली, हे पत्रिका मांडावी तसे सांगता येते. पण सर्गेई इव्हानोविच मोसिन हे नाव त्या पत्रिकेत कुठेच नाही. ते तिथे का नाही, हीच त्याच्या आयुष्याची गोष्ट आहे.

मोसिनचा जन्म १८४९ साली वोरोनेझ प्रांतातल्या रामोन या गावी झाला. वडील सैन्यातून निवृत्त झालेले कनिष्ठ अधिकारी. जमीनदाराच्या इस्टेटीवर कारभारी म्हणून राबत होते. आई शेतकरी घरातली. धाकट्या भावाच्या बाळंतपणात ती गेली तेव्हा सर्गेई चार वर्षांचा होता. पाठीशी पैसा नाही, मोठे नाते नाही, अशा मुलाला वर येण्याचा त्या काळच्या रशियात एकच रस्ता होता, तो म्हणजे सैनिकी शाळा. १८६१ साली, ज्या वर्षी रशियातील भूदासांची मुक्तता झाली त्याच वर्षी, बारा वर्षांचा सर्गेई कॅडेट शाळेत दाखल झाला. पुढे तोफखान्याचे शिक्षण, थोडी नोकरी, पीटर्सबर्गची तोफखाना अकादमी, आणि १८७५ साली तिथून बाहेर पडल्यावर तूला येथील शस्त्रांच्या कारखान्यात नेमणूक.

तूला म्हणजे रशियाचे लोहारांचे गाव. समोवार तिथले आणि बंदुकाही तिथल्याच. पीटर द ग्रेटने १७१२ साली तिथे सरकारी कारखाना काढला. मोसिन तिथे नोकरी करीत असतानाच, १८८१ साली, निकोलाय लेस्कोव्ह या लेखकाची तूलाच्या डावखुऱ्या कारागिराची कथा प्रसिद्ध झाली. रशियन वाङ्मयाच्या अभ्यासकांना ती माहीत आहेच. इंग्रजांनी झारला पोलादाची एक सूक्ष्म पिसू भेट दिलेली असते. तूलाचे कारागीर तिच्या पायांना नाल ठोकतात. प्रत्येक नालावर तो नाल करणाऱ्याचे नाव कोरलेले असते. डावखुऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते, कारण त्याने नालांचे खिळे केलेले असतात, आणि त्या खिळ्यांवर नाव मावणार कसे? लेस्कोव्हला मोसिन ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरी मोसिनचे चरित्र वाचताना मला ती कथा पुनःपुन्हा आठवत राहिली.

तूलामध्येच मोसिनची भेट वार्वारा निकोलायेव्ना आर्सेन्येवा हिच्याशी झाली. ही तुर्गेनेव्हच्या घराण्यातली मुलगी, तीन मुलांची आई. नवरा बहुतेक काळ पीटर्सबर्गमध्ये आपल्या सुखात. बायकामुले तूलाकडे ओढगस्तीत. मोसिन आणि वार्वारा यांचे मन जुळले. त्या काळच्या रशियात घटस्फोट ही धर्मपीठाच्या अखत्यारीतली, अतिशय अवघड गोष्ट होती, आणि नवऱ्याच्या संमतीवाचून तर अशक्यच. मोसिनने आर्सेन्येव्हला द्वंद्वाचे आव्हान दिले. त्याने पिस्तुलाऐवजी अर्ज उचलला आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. मोसिनला नजरकैद झाली. सुटल्यावर त्याने पुन्हा आव्हान दिले, पुन्हा अटक झाली, या वेळी अधिक दिवस. शेवटी आर्सेन्येव्हने आपल्या संमतीची किंमत सांगितली : ५०,००० रुबल. पगारावर जगणाऱ्या कॅप्टनला ही रक्कम म्हणजे आकाशातला चंद्रच.

ही हकिगत एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे आणि चरित्रकार तिच्यात रमतातही. मला तिच्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. याच सुमारास मोसिन जुन्या बेर्दान रायफलीला काडतुसांचे मॅगझिन जोडण्याच्या खटपटीत होता. बेर्दानमध्ये एका वेळी एकच गोळी भरता येई. मोसिनने बटच्या आत अनेक काडतुसे बसवून ती एकामागून एक पुढे सरकवण्याची युक्ती काढली. एका फ्रेंच कंपनीला तिची कुणकुण लागली आणि तिने ६ लाख फ्रँक देऊ केले. त्या वेळच्या भावाने ही रक्कम त्याला हव्या असलेल्या ५०,००० रुबलांच्या कितीतरी वर जाते. मोसिनने नकार दिला. आपला शोध परदेशाला विकायचा नाही, एवढ्यासाठी. वार्वाराला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

इकडे जगाच्या बाजारात बंदुकीची जातच बदलत होती. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराच्या दारूची, लहान व्यासाची लेबेल रायफल काढली आणि युरोपातल्या सगळ्या सैन्यांची झोप उडाली. रशियानेही नव्या रायफलीसाठी समिती नेमली. जनरल चागिन तिचे अध्यक्ष. नळीचा व्यास तीन लाइन ठरला. लाइन म्हणजे इंचाचा दहावा भाग; तेव्हा तीन लाइन म्हणजे ७.६२ मिलिमीटर. पुढे हा आकडा रशियन शस्त्रांना असा चिकटला की आजच्या मुलांनाही तो सिनेमांतून ठाऊक असतो, पण तो झारशाहीच्या इंचातून आला हे फार थोड्यांना माहीत असते.

स्पर्धेत दोन उमेदवार उरले. एक तूलाचा कॅप्टन मोसिन. दुसरा बेल्जियममधील लिएज शहराचा नामांकित शस्त्रकार लेओन नागाँ. मोसिन सरकारी नोकर, तर नागाँ कारखानदार आणि मुरलेला व्यापारी. दोघांच्या प्रत्येकी ३०० रायफली पलटणींना चाचणीसाठी देण्यात आल्या. नागाँच्या रायफली सफाईने बनवलेल्या होत्या. आपल्याकडे पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसेच झाले. समितीतील मतदानात नागाँला १४ मते पडली आणि मोसिनला १०.

पण प्रकरण तिथे संपले नाही. चाचणीचे आकडे नीट मांडल्यावर दिसले की मॅगझिनमधून काडतूस पुढे येताना अडकण्याचे प्रकार नागाँच्या रायफलीत मोसिनच्या दुपटीहून अधिक झाले होते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रशियन काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. एकावर एक रचलेल्या अशा काडतुसांच्या कडा एकमेकींत गुंततात, आणि बोल्ट पुढे ढकलताना एकाऐवजी दोन निघून नळीच्या तोंडाशी अडकतात. मोसिनने मॅगझिनच्या डाव्या अंगाला एक लहानसा पोलादी अडसर बसवला. वरचे काडतूस आत जाईपर्यंत तो खालच्याला दाबून धरतो, आणि बोल्टची मूठ फिरली की सोडतो. डावखुऱ्याच्या खिळ्याइतकी क्षुल्लक दिसणारी ही वस्तू. बंदूक बनवण्याचा खर्च आणि कारखान्याची सोय या दृष्टींनीही मोसिनचा नमुना सरस ठरला. नागाँचेही काही घेतले गेले, विशेषतः पाच काडतुसे एकदम भरण्याची पत्र्याची पट्टी. नागाँचे श्रेय नाकारण्याची मला गरज वाटत नाही. त्याचे काम खरे होते. मात्र ते किती, हा प्रश्न आहे.

एप्रिल १८९१ मध्ये नमुना मंजुरीसाठी झार तिसऱ्या अलेक्झांडरपुढे गेला. युद्धमंत्री वान्नोव्स्की यांनी आधीच शेरा मारला होता : या रायफलीत कर्नल रोगोव्त्सेव्ह, चागिन यांची समिती, कॅप्टन मोसिन आणि नागाँ अशा अनेकांचे भाग असल्याने तिला कुणा एकाचे नाव न देता रशियन तीन-लाइन रायफल, नमुना १८९१ असे म्हणावे. वास्तविक तोवर रशियन सैन्यातल्या बंदुका त्यांच्या कर्त्यांच्या नावाने ओळखल्या जात होत्या. बेर्दान हा अमेरिकन होता, तरी त्याचे नाव चालले. झारने शेरा वाचला आणि त्यातला रशियन हा शब्दही खोडून टाकला. उरले काय? तीन-लाइन रायफल, नमुना १८९१. तिला ना माणसाचे नाव, ना देशाचे.

पैशाचा हिशेबही असाच झाला. नागाँला २ लाख रुबल मिळाले, मोसिनला ३०,०००, म्हणजे सहावा हिस्साही नाही. त्याखेरीज एक पदक आणि तोफखाना अकादमीचे मानाचे मिखाइलोव्ह पारितोषिक. बढती मिळाली. बक्षिसांचे पैसे हाती आल्यानंतरच आर्सेन्येव्हची किंमत चुकती झाली आणि वार्वारा मोसिनच्या घरी आली. कित्येक वर्षे ती दोघे यासाठी थांबली होती. एका माणसाला आपल्या शोधावर नाव मिळाले नाही, पण त्या शोधाच्या पैशाने आपल्या माणसाला नाव देता आले, असे म्हणून काही लेखक समाधान करून घेतात. मला ते समाधान पटत नाही. नाव खोडले गेल्याचे शल्य मोसिनला कायमचे लागून राहिले, आणि ते लागणे योग्यच होते असे मला वाटते.

१८९४ साली मोसिनला सेस्त्रोरेत्स्कच्या शस्त्रकारखान्याचा प्रमुख नेमण्यात आले. हे गाव पीटर्सबर्गजवळ, फिनलंडच्या आखाताच्या काठी. १९०० साली तो मेजर जनरल झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या रायफलीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९०२ सालच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने त्याला गाठले आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो गेला. त्याची रायफल पहिल्या मोठ्या युद्धात, जपानविरुद्ध, वापरली गेली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

इथे एका प्रश्नाला बगल देणे बरे नव्हे. ज्या यंत्राने लाखो माणसे मारली त्याच्या कर्त्यावर अन्याय झाला म्हणून हळहळायचे कशाला? माझ्या एका वर्गमैत्रिणीने हा प्रश्न मला विचारला आणि माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणतो, की मारण्याची आज्ञा देणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत छापलेली असतात. मग बंदुकीचा खटका घडवणाऱ्याचे नाव घेताना तेवढा संकोच का करावा?

आता त्या खुणांकडे वळू. बोल्ट उजव्या हाताने मागे ओढून धरला आणि नळीच्या बुडाकडे, काडतूस बसते त्या जागेवरच्या लोखंडाकडे पाहिले, की वाचन सुरू करता येते. झारच्या काळातल्या रायफलीवर कारखान्याचे पूर्ण नाव रशियन लिपीत असते, आणि तीन सरकारी कारखान्यांपैकी एकाचे ते असते : तूला, इझेव्स्क किंवा सेस्त्रोरेत्स्क. सुट्या भागांवर नाव मावत नाही, तिथे चित्रखुणा. तूलाचा हातोडा, इझेव्स्कचे धनुष्यबाण, सेस्त्रोरेत्स्कचा नुसता बाण. सालापुढे रशियन गे हे अक्षर असते, म्हणजे आपल्याकडे इ. स. लिहितात तसे.

पण एखाद्या रायफलीवर शातेलेरो असे वाचायला मिळते. हे गाव रशियात नाहीच. ते फ्रान्समध्ये आहे. १८९१ साली रशियन कारखान्यांची यंत्रे नव्या नमुन्यासाठी तयार नव्हती, म्हणून सुमारे ५ लाख रायफलींचे काम फ्रेंचांना दिले गेले. ज्या देशाला आपला शोध विकायला मोसिनने नकार दिला, त्याच देशाच्या सरकारी कारखान्यात त्याच्या रायफलीची पहिली मोठी खेप तयार झाली. काहींवर रोमन लिपीत रेमिंग्टन किंवा न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस लिहिलेले असते. ही पहिल्या महायुद्धातली कमाई. १९१५ साली रशियाने अमेरिकन कंपन्यांकडे एकीला १५ लाख आणि दुसरीला १८ लाख रायफलींची मागणी नोंदवली. तेवढ्यात १९१७ ची क्रांती झाली, झार गेला आणि मागणीही गेली. उरलेला मोठा साठा अमेरिकन सरकारने विकत घेतला. १९१८ साली अमेरिकन सैनिक आर्खांगेल्स्कला बोल्शेविकांविरुद्ध उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर याच रायफली होत्या. समोरच्यांच्या खांद्यावरही त्याच.

क्रांतीनंतर खुणा बदलल्या. तूलाने ताऱ्यात बाण घेतला, इझेव्स्कने त्रिकोणात बाण. निशाण साधण्याच्या पट्टीवर पूर्वी अर्शीन या जुन्या रशियन मापाचे आकडे होते. १९३० च्या सुधारणेनंतर तिथे मीटर आले. म्हणून नळीवर झारच्या काळचे साल आणि पट्टीवर मीटर असतील तर ती रायफल पुढे कधीतरी सोव्हिएत कारखान्यात जाऊन आली, हे उघड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो रायफली सोडवून, धुऊन, पुन्हा जोडल्या गेल्या. अशा वेळी एकीचा बोल्ट दुसरीला बसतो आणि त्यावरचा जुना क्रमांक खोडून नवा मारला जातो. खोडलेला आकडा भिंगातून दिसतोच. पोलंडमध्ये बनलेल्यांवर वर्तुळात ११ असते, हंगेरीच्यांवर ०२, आणि १९५३ च्या चिनी नमुन्यावर चिनी अक्षरे.

याच सोव्हिएत राजवटीत, १९२० च्या दशकापासून, मोसिनचे नाव त्याच्या रायफलीला हळूहळू परत जोडले गेले. पश्चिमेत मात्र ती मोसिन-नागाँ म्हणूनच प्रसिद्ध आहे. ज्याने २ लाख घेतले तो तिथेही मागच्या बाकावर बसलेलाच आहे. आणि लोखंडावर तर दोघांपैकी कुणीच नाही.

सर्वांत गुंतागुंतीची पत्रिका फिनलंडच्या रायफलींची. १९१७ पर्यंत फिनलंड रशियन साम्राज्यात होते. स्वातंत्र्याच्या गडबडीत हजारो रशियन रायफली तिथेच राहिल्या. फिन्नांनी त्या टाकल्या नाहीत. गरीब घरात जुने कपडे उलटवून शिवतात, तशा पुन्हा पुन्हा नव्या केल्या. नवी नळी, नवे लाकूड, सफाईदार खटका. चौकोनात एस आणि ए ही अक्षरे म्हणजे फिनिश सैन्याची मालकी. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सिमो हायहा या फिनिश नेमबाजाने रशियनांवर जी दहशत बसवली ती मोसिनच्याच रायफलीच्या फिनिश नमुन्याने. आणि १९४२ साली स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यात वासिली झाइत्सेव्हच्या हातातही मोसिनचीच होती.

अशा फिनिश रायफलीचे वरचे साल फसवे असते. नळीवर १९४४ असले तरी ज्या भागात बोल्ट सरकतो तो जुनाच वापरलेला असतो. त्याचे वय पाहायचे तर दोन मोठे स्क्रू काढून सगळे लोखंड लाकडातून उचलावे लागते. मग मागच्या शेपटासारख्या पट्टीच्या खालच्या बाजूला, जिथे वापरणाऱ्या सैनिकाची नजर कधीच गेली नसेल, तिथे मूळ कारखान्याची खूण आणि मूळ साल सापडते. तिथे कधी तूलाचा हातोडा असतो, कधी इझेव्स्कचे धनुष्य. क्वचित सेस्त्रोरेत्स्कचा बाण असतो, आणि त्याच्याजवळचे साल १८९४ ते १९०१ यांपैकी असेल, तर तो लोखंडाचा तुकडा कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा तिथला प्रमुख सर्गेई मोसिन होता.